देवळालीत घडणारी, देवळाली न पाहिलेली मालिका

मागील अंकात नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातील जुन्या बराकींविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना, बीबीसीने १९७०च्या दशकात या कॅम्पाची पार्श्वभूमी घेऊन एक विनोदी मालिका केली होती, असा ओझरता उल्लेख या सदरात आला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे भाग पडले. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ही मालिका नेमकी कोणती, ती कोणी लिहिली आणि तिच्यातले देवळाली म्हणजे आपलेच देवळाली का? आमचे सारे आयुष्य लॅम रोडच्या आसपास गेले, पण हा विषय कधी कानावर आला नाही. – एक निवृत्त शिक्षक, देवळाली कॅम्प

होय, ते आपलेच देवळाली. मालिकेचे नाव ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’. परमुलखात येऊन पडलेला कोणी पोरसवदा शिपाई घरी आईला पत्रातून उकाड्याचे गाऱ्हाणे सांगतो आहे, असा त्या नावाचा रोख आहे. तिचा पहिला भाग ३ जानेवारी १९७४ रोजी दाखवला गेला आणि सप्टेंबर १९८१ पर्यंत आठ पर्वांत तिचे ५६ भाग झाले. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या जोडीने ती लिहिली. याच जोडीची ‘डॅड्स आर्मी’ ही होमगार्डमधील, म्हणजे युद्धकाळातील इंग्लंडच्या स्वयंसेवी संरक्षक दलातील, म्हाताऱ्याकोताऱ्यांवरची मालिका इंग्लंडमध्ये आजही घरोघरी ठाऊक आहे. देवळालीची मालिका मात्र तिची सावत्र बहीण असावी तशी मागे पडली. ती का मागे पडली, हे पुढच्या एका उत्तरात येईलच.

पेरी यांनी देवळाली हे नाव नकाशावर बोट ठेवून निवडले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल आर्टिलरीत, म्हणजे ब्रिटिश तोफखान्यात होते आणि देवळालीतील तोफखान्याच्या कलापथकात त्यांनी स्वतः काम केले होते. क्रॉफ्ट हेही तोफखान्यातलेच आणि युद्धाच्या अखेरीस तेही भारतात येऊन गेले होते. पेरी यांच्या लेखनाची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वॉटफर्ड येथील होमगार्डमधल्या त्यांच्या किशोरवयातून ‘डॅड्स आर्मी’ निघाली, देवळालीतल्या दिवसांतून ही मालिका निघाली आणि युद्धानंतर सुट्टीच्या शिबिरांत पाहुण्यांची करमणूक करण्याची जी नोकरी त्यांनी केली, तिच्यातून ‘हाय-डी-हाय’ ही तिसरी मालिका निघाली. कल्पनाशक्तीपेक्षा स्मरणशक्तीवर अधिक भिस्त ठेवणारा हा लेखक होता, आणि म्हणूनच बराकीच्या आतला भाग त्यांना जितका साधला तितका बराकीबाहेरचा साधला नाही, असे माझे मत आहे.

कथानक थोडक्यात असे आहे. युद्ध संपत आले आहे. देवळालीत तोफखान्याचे एक कलापथक आहे. त्यातले शिपाई नाचतात, गातात, पियानो वाजवतात, बायकांची सोंगे घेतात आणि आघाडीवर जायला निघालेल्या सैनिकांचे मन रमवतात. हे काम चालू राहावे आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांसमोर उभे राहण्याची वेळ येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यांच्यावर नेमलेला सार्जंट मेजर विल्यम्स हा कडवा वेल्श शिपाईगडी असून, या ‘नाटक्या’ पोरांना खरे लढवय्ये बनवून आघाडीवर पाठवायचेच, असा त्याने चंग बांधला आहे. वर बसलेले कर्नल रेनल्ड्स आणि कॅप्टन ॲशवुड हे दोघे अधिकारी मात्र या खेळांचे शौकीन. संध्याकाळची करमणूक बुडू नये आणि आपलीही बदली होऊ नये म्हणून ते पथकाला पाठीशी घालतात. या तिढ्यावर मालिकेची पहिली पर्वे उभी आहेत. नंतरच्या पर्वांत मंडळी ब्रह्मदेशातल्या जंगलात पोचतात आणि देवळाली मागे पडते.

आता तिढ्यामागची वस्तुस्थिती पाहावी. देवळालीचा कॅम्प १८६१ मध्ये उभा राहिला तो मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणींना इथल्या हवेची सवय व्हावी आणि मुदत संपलेल्या शिपायांना परतीच्या जहाजाची वाट पाहत थांबता यावे, यासाठी. पुढे १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग खुला झाल्यावर मुंबईहून थेट गाडीने वर येता येऊ लागले. सैन्याची जहाजे ठरावीक हंगामातच सुटत. एकदा हंगाम हुकला की पुढचे कित्येक महिने काही काम नाही, घर दूर, ऊन आणि ताप मात्र हजर, अशा अवस्थेत शिपाई दिवस ढकलीत. या रखडपट्टीतूनच भ्रमिष्ट माणसाला देवळालीच्या नावाने ओळखण्याची चाल इंग्रजी बोलीत पडली. पेरी यांच्या मालिकेतील शिपाई असेच अडकलेले आहेत. त्यांच्या भांडणांमागे, थट्टेमागे आणि आजारी पडण्याच्या सोंगांमागे ही वाट पाहणेच आहे. मालिकेचा हा गाभा खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच तिच्यातला सार्जंट मेजर खोटा वाटत नाही.

लोकप्रियतेविषयी एकच गोष्ट सांगतो. सार्जंट मेजरचे काम करणारे विंडसर डेव्हिस आणि ‘लॉफ्टी’ हे पात्र रंगवणारे डॉन एस्टेल यांनी १९७५ मध्ये ‘व्हिस्परिंग ग्रास’ हे जुने गाणे मालिकेतल्याच पात्रांच्या रूपात ध्वनिमुद्रित केले आणि ते त्या वर्षीच्या जून महिन्यात ब्रिटनच्या विक्री-यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पाच फुटांहून ठेंगणे, डोक्यावर कानांपर्यंत उतरलेली सोला हॅट आणि गळ्यातून मात्र मधासारखा तलम स्वर, असे हे एस्टेल. त्यांच्या शेजारी उभे राहून धिप्पाड, मिशाळ डेव्हिस त्या गाण्याच्या ओळी कवायतीच्या आवाजात बोलतात. एका बाजूला तलम सूर आणि दुसऱ्या बाजूला दरडावणी, हा मालिकेच्या विनोदाचा सगळा साचाच त्या एका ध्वनिमुद्रिकेत ऐकायला मिळतो.

प्रश्न : आमचे आजोबा कॅम्पात खानसामा होते. आमच्या घरात अशी दंतकथा आहे, की या मालिकेचे चित्रीकरण देवळालीत झाले आणि त्यात इथली माणसे होती. हे खरे असेल का? – एक वाचक, भगूर

नाही. मालिकेचा एकही भाग भारतात चित्रित झालेला नाही. आतील दृश्ये लंडनमधील बीबीसीच्या स्टुडिओत आणि बाहेरची इंग्लंडमध्येच घेतलेली आहेत. जे जंगल आणि जी वाळू दिसते ती इंग्लंडची आहे. बारकाईने पाहिल्यास झाडांची पाने आणि उन्हाचा पिवळेपणा यांवरूनच ते ओळखू येते. वैशाखातले नाशिकचे ऊन ज्याने सोसले आहे त्याला पडद्यावरचे शिपाई घाम पुसताना पाहून हसू आल्यावाचून राहणार नाही.

आपल्या आजोबांसारखी माणसे त्यात शोधायला गेलात तर त्याहून मोठी निराशा पदरी येईल. मालिकेत ‘देशी’ माणसे मुख्यतः तीन आहेत : अधिकाऱ्यांचा आणि पथकाचा बेअरर रंगी राम, किटली घेऊन फिरणारा चहावाला मुहम्मद आणि व्हरांड्यात बसून पंख्याची दोरी ओढणारा रमजान. पहिले दोघे मोडक्या इंग्रजीत आणि अधूनमधून हिंदुस्तानीत बोलतात, रमजान बहुतेक हिंदुस्तानीतच. छावणीच्या कुंपणापलीकडे मराठी बोलणारा मुलूख आहे याचा मागमूस कुठे लागत नाही. भगूरचा बाजार नाही, गोदाकाठ नाही, दारणेचे पाणी नाही, दूध घालायला येणारी गवळण नाही, की कोणाच्या तोंडी चुकूनही ‘अहो’ नाही. पहिल्याच पर्वातल्या एका भागाचे नाव ‘द रोड टू बन्नू’ असे आहे. बन्नू हे गाव वायव्य सरहद्दीवर, आजच्या पाकिस्तानातील खैबर पख्तुनख्वा प्रांतात आहे. देवळालीपासून सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर चौदाशे किलोमीटरांच्या वर जाते. ब्रिटिश प्रेक्षकाच्या मनात ‘इंडिया’ म्हटले की पठाण, खिंड, फेटा आणि बंदूक असे जे चित्र होते, ते देवळालीच्या पाटीखाली आणून ठेवले गेले. पेरी इथे राहून गेले होते खरे, पण कॅम्पात राहणे आणि गावात राहणे यांत किती अंतर असते, हे कॅम्पाशेजारी वाढलेल्या आपणांस मी वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था आहे. सैनिकांनी बायकांची कामे करणे हा या मालिकेतला मुख्य विनोद असल्याचे वाचले. स्त्रीपार्टी नटांची एवढी थोर परंपरा असलेल्या मराठी माणसाला त्यात हसण्यासारखे काय वाटावे? – एक रंगकर्मी, गंगापूर रोड, नाशिक

सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला विशेष आवडला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. युद्धकाळातील ब्रिटिश सैन्यात अशी कलापथके खरोखरच होती आणि स्त्रियांची वानवा असल्यामुळे स्त्रीभूमिका पुरुषच करीत. युद्धानंतरच्या ब्रिटिश विनोदाला या पथकांनी बरेच नट पुरवले; पीटर सेलर्स हवाई दलाच्या अशाच पथकातून भारत व ब्रह्मदेश फिरून गेले होते. मालिकेत ही बाजू मेल्विन हेज यांनी साकारलेल्या बोमाँट या पात्राकडे आहे. साथीदार त्याला ‘ग्लोरिया’ म्हणतात. हॉलिवूडच्या नट्यांच्या थाटाचे झगे, कृत्रिम केस, डोळ्यांत काजळ आणि ‘मी अशा वातावरणात काम करू शकत नाही’ अशा धर्तीचा कायमचा रुसवा, हे त्याचे भांडवल. सार्जंट मेजर त्याला आणि इतरांनाही येता-जाता ज्या शब्दाने हिणवतो, त्याला आपल्याकडचा ‘बायल्या’ हा शब्द जवळचा आहे, किंबहुना मूळ शब्द त्याहूनही झोंबणारा आहे.

आपल्याकडची परंपरा याच्या अगदी उलट्या टोकाला उभी आहे. बालगंधर्व रंगमंचावर येत तेव्हा प्रेक्षकाने हसावे अशी कोणाची अपेक्षा नसे. घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे आणि दागिन्यांचे अनुकरण करावे, इथपर्यंत त्या भ्रमाची ताकद होती. नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणाऱ्या साळुंके यांना त्यांनी उभे केले. तिथेही हसू हा हेतू नव्हता. म्हणजे पुरुषाने लुगडे नेसणे एवढ्यावर मराठी प्रेक्षक हसत नाही, हे आपले म्हणणे रास्त आहे.

पण आपल्याकडे तमाशातला नाच्याही आहे, आणि बोमाँट बालगंधर्वांपेक्षा नाच्याला अधिक जवळचा आहे. नाच्याच्या लचकण्यावर लोक हसतात, त्याला चिडवतात आणि फडाबाहेर त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे आपण जाणताच. मालिका पाहताना मला एक गोष्ट जाणवली, ती अशी की कलापथकातले इतर शिपाई बोमाँटला सांभाळून घेतात. नंतरच्या पर्वांत तो पथकाचा पुढारी आहे, खेळ बसवणारा आहे, बंदूक चालवण्यात कच्चा असला तरी रंगमंचावर हुकूम त्याचाच चालतो. हिणवणारा माणूस एकटा सार्जंट मेजर, आणि मालिकेच्या रचनेत बहुतेक वेळा फजिती होते ती त्याचीच. लेखकांनी विनोदाची धार कोणाकडे वळवली होती, हे यावरून कळते. प्रेक्षकांपैकी किती जण त्या बाजूने हसत होते, हा प्रश्न निराळा. घरोघरची मुले दुसऱ्या दिवशी शाळेत सार्जंट मेजरचीच वाक्ये घोकत असणार, बोमाँटची बाजू घेत नसणार, असा माझा कयास आहे.

सार्जंट मेजरच्या नक्कलयोग्य आवाजाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. विंडसर डेव्हिस नट होण्यापूर्वी काही काळ खाणीत आणि काही काळ शाळेत शिक्षक म्हणून काम करीत होते. वर्ग गप्प करण्याचा सराव त्यांना कुठे झाला, हे निवृत्त शिक्षकांनी ओळखावे.

प्रश्न : बीबीसी ही मालिका आता दाखवत नाही, असे म्हणतात. इतिहास पुसून टाकण्याचा हा प्रकार नव्हे का? – दोन महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक रोड; याच आशयाची आणखी काही पत्रे

बीबीसीने तिचे पुनःप्रसारण कित्येक वर्षांपासून बंद ठेवले आहे, हे खरे. पण ती नष्ट केलेली नाही. तिच्या डीव्हीडी निघालेल्या आहेत आणि ज्याला पाहायची आहे त्याला ती मिळते. ‘पुसून टाकणे’ हा शब्द म्हणून मी वापरणार नाही. प्रश्न आहे तो संध्याकाळी जेवणाच्या वेळी घराघरांत निव्वळ गंमत म्हणून ती सोडावी की नाही, एवढाच.

हरकतीचे मुख्य कारण रंगी राम आहे. ही भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केली. बेट्स यांची बाजू दुबळी नाही. त्यांचा जन्म १९२० मध्ये झाशीला झाला होता, हिंदुस्तानी त्यांना लहानपणापासून येत होती आणि युद्धात त्यांनी गुरखा पलटणीत मेजर म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवर काम केले होते. त्यांच्या तोंडचे हिंदुस्तानी उच्चार कानाला खटकत नाहीत. ती भूमिका पेलण्याजोगा भारतीय नट त्या वेळी मिळाला नाही, असेही लेखकांच्या बाजूने सांगितले गेले. हे मात्र पटण्यासारखे नाही. झिया मोहिउद्दीन १९६० मध्येच लंडनच्या वेस्ट एंड रंगभूमीवर गाजले होते आणि सईद जाफरी १९६०च्या दशकापासून तिथेच काम करीत होते. नट होते. त्यांना विचारावे अशी निकड कोणाला वाटली नाही, कारण गोऱ्या माणसाने रंग फासून गाणे-नाचणे करावे, हा प्रकार तेव्हा रूढ होता. तोंडाला काळे फासलेल्या गायकांचा ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ बीबीसीवर १९७८ पर्यंत चालू होता, यावरून काळाची कल्पना यावी.

याहून बोचणारी गोष्ट मालिकेच्या आतच आहे आणि टीकाकार तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. चहावाल्या मुहम्मदचे काम करणारे दिनो शफीक हे ढाक्याला जन्मलेले, म्हणजे याच उपखंडातले नट. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी ‘माइंड युवर लँग्वेज’ पाहिली असेल त्यांना वर्गातला अली नदीम आठवत असेल, तेच हे. इथे त्यांच्या वाट्याला काय आले? दोन दृश्यांच्या मध्ये सतारीच्या साथीवर त्या काळातली इंग्रजी-अमेरिकी गाणी म्हणायची. प्रत्येक भागाच्या शेवटी श्रेयनामावली सरकत असताना ते ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ हे साम्राज्याचे अभिमानगीत गाऊ लागतात, सूर लागतो न लागतो तोच पडद्याआडून सार्जंट मेजर ‘शट अप!’ असे गरजतो आणि भाग संपतो. साम्राज्याची आरती गाणाऱ्या काळ्या माणसालाच साम्राज्याचा हवालदार गप्प करतो, ही कल्पना बोचरी आहे, आणि आठ पर्वांत इतके थोडक्यात इतके काही दुसऱ्या कोणत्या दृश्याने सांगितले असेल असे मला वाटत नाही.

रंगी रामही तसा लेखणीने कच्चा उतरलेला नाही. प्रेक्षकांशी थेट डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याचा अधिकार साऱ्या मालिकेत त्याच्याकडे आहे. तो स्वतःला ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणवतो, पंखेवाल्याला आणि चहावाल्याला तुच्छ लेखतो, भाग संपता संपता ‘एक जुनी हिंदू म्हण आहे’ असे सांगून काहीतरी अफलातून वाक्य ठोकून देतो. साहेबाच्या छायेत राहून साहेबाहून अधिक साहेब झालेली अशी माणसे कॅम्पाच्या शेजारी राहणाऱ्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. व्हरांड्यात दोरी ओढणारा रमजान त्याला शेवटी नेमके शुद्ध इंग्रजीत असे काही ऐकवतो, की रंगी त्याला दटावून पंखा ओढायला लावतो. आतल्या साहेबांपेक्षा बाहेरचा पंखेवाला शहाणा आहे, हे प्रेक्षकाला कळते. हा विनोद नीट आहे. पण ‘आम्ही ब्रिटिश’ असे म्हणणारा देशी माणूस प्रत्यक्षात रंग फासलेला ब्रिटिशच निघावा, यामुळे विनोदाची धार उलटी फिरते आणि ज्या खुशमस्करेपणावर हसायचे तो आपल्या लोकांचा स्वभावच आहे असे पाहणाऱ्याला वाटू लागते. बेट्स चांगले नट होते म्हणून ही अडचण सुटत नाही. ते चांगले होते म्हणूनच ती अधिक वाढते.

बेट्स जानेवारी १९७८ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला रंग फासून उभे करण्यात आले नाही. बेअररची कामे शफीक यांच्या मुहम्मदकडे आली आणि मालिका आणखी तीन पर्वे चालली. अडचण सुटू शकत होती, याचा हा त्यांनीच दिलेला पुरावा आहे.

माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. बीबीसीने ती सर्वसाधारण वेळेत दाखवू नये, हे मला मान्य आहे, कारण संदर्भ ठाऊक नसलेल्या पोराला त्यात फक्त रंगवलेला चेहरा आणि शिवी दिसेल. परंतु ज्यांना अभ्यासायची आहे त्यांना ती काटछाट न करता मिळावी, आणि पहिला अधिकार देवळालीच्या माणसाचा असावा. पेरी आणि क्रॉफ्ट दोघांनीही अखेरपर्यंत मालिकेची बाजू सोडली नाही. क्रॉफ्ट २०११ मध्ये आणि पेरी २०१६ मध्ये वारले.

प्रश्न : विख्यात विनोदवीर स्पाइक मिलिगन आमच्या नगरचे, असे ऐकतो. त्यांचा या मालिकेशी संबंध होता का? – एक वाचक, मूळ अहमदनगर, सध्या सिडको, नाशिक

मालिकेशी संबंध नव्हता. नगरशी मात्र पक्का होता. मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला जन्मले आणि लहानपणी पुण्यात शिकले. त्यांचे वडील ब्रिटिश तोफखान्यात होते आणि सैनिकांच्या रंगमंचावरही हौसेने उभे राहत, म्हणजे देवळालीच्या कलापथकाची हवा या घरात एक पिढी आधीच आली होती. मिलिगनही युद्धात तोफखान्यातच होते. १९६९ मध्ये त्यांनी ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत स्वतःच चेहरा रंगवून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला आणि ती सहा भागांतच आटोपली. नगर-पुण्यात वाढलेल्या माणसालाही हा मोह आवरला नाही, तेव्हा एकट्या बेट्स यांच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. पुढे १९९८ मध्ये ‘गुडनेस ग्रेशस मी’ बीबीसीच्या पडद्यावर आली तेव्हा लेखक व नट दोन्ही ब्रिटनमधील आपलेच लोक होते, आणि थट्टा करण्याची दिशाच बदलली.

प्रश्न : १९४५ चे देवळाली दाखवायचे आणि स्वातंत्र्यलढ्याचे नाव घ्यायचे नाही, हे कसे? – एक निवृत्त बँक कर्मचारी, पंचवटी

अगदीच नाव घेतलेले नाही असे नव्हे. पहिल्या पर्वात ‘द म्युटिनी ऑफ द पंखावालाज’ हा भाग आहे आणि त्याच्या नावातूनच १८५७ ला चिमटा काढलेला आहे. परंतु बंड हा तिथे घटकाभराच्या गडबडीचा विषय आहे; त्यामागे काही विचार असू शकतो, हे कोणा पात्राच्या ध्यानी येत नाही.

या कॅम्पाला लागूनच असलेल्या भगूर गावात १८८३ मध्ये वि. दा. सावरकरांचा जन्म झाला. नाशिक शहरात २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. साहेब नाटकाला येऊन बसणे ही गोष्ट या शहरात किती वेगळी आठवण जागवते, याची लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्यांना जाणीव असण्याचे कारण नव्हते, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या काळात मालिका घडते, त्याच काळात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर दिल्लीच्या लाल किल्ल्यात खटला चालू झाला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला. आपल्याच मुलखात जायला मिळत नाही म्हणून जानेवारी १९४६ मध्ये कराचीला ब्रिटिश हवाई दलाच्या गोऱ्या शिपायांनीही काम बंद पाडले होते. वाट पाहून कावलेल्या शिपायांवरच मालिका लिहायची होती, तर हा शेवटचा प्रसंग लेखकांच्या हाताशी आयता होता. त्यात साम्राज्याची पडझड आतून दिसली असती, आणि कदाचित म्हणूनच ती गमतीच्या मालिकेत मावली नसती.

प्रश्न : एवढे वाचल्यावर मालिका पाहायची असेल तर सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

पहिल्या पर्वात आठ भाग आहेत. ‘मीट द गँग’ या पहिल्या भागापासून क्रमाने पाहावेत, कारण देवळालीचा कॅम्प मुख्यतः आरंभीच्या पर्वांतच आहे. पथकाचा पियानोवाला ग्रॅहम, सुशिक्षित आणि चष्मेवाला, याच्याकडे लक्ष ठेवावे. ते काम करणारे जॉन क्लेग हेही मरी येथे, म्हणजे तेव्हाच्या पंजाबात जन्मलेले. नंतरची ब्रह्मदेशातली पर्वे वेळ असेल तरच पाहावीत. विनोदाची पुनरुक्ती वाढते आणि रंगी राम गेल्यानंतर चांगल्या अर्थाने व वाईट अर्थाने मालिका बदललेली आहे. इंग्रजी उपशीर्षके असलेली प्रत मिळाल्यास तीच घ्यावी, कारण वेल्श, स्कॉटिश आणि लंडनी उच्चारांची सरमिसळ पहिल्या झटक्यात कानाला झेपत नाही.